आई-बाबांसोबत थेसालोनिकी : साडेतीन दिवसांत काय काय बसेल?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी,

मी श्टुटगार्टला राहते. आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. ऑक्टोबरअखेर इथे शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि आई-बाबा असे पाच जण ग्रीसला निघालोय. अथेन्सची तिकिटं परवडेनात. थेसालोनिकीला थेट विमान निम्म्या पैशांत मिळालं, म्हणून रात्री अकरा वाजता बुक करून मोकळी झाले. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की या गावाबद्दल आपल्याला ओ की ठो माहीत नाही.

२४ ऑक्टोबरला संध्याकाळी पोहोचतो, २८ला दुपारी अडीचचं परतीचं विमान. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, आणि गुडघे कुरकुरतात. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांना ग्रीस म्हणजे सिकंदर, बाकी काही नको. लेकीला समुद्र हवा.

माझा कच्चा आराखडा असा: पहिला दिवस शहर, दुसरा मेतेओरा, तिसरा ऑलिंपस पर्वत आणि जमलं तर हाल्कीदिकीचा किनारा. कसा वाटतो? कोणी गेलंय का?

तिरकस

कसा वाटतो? ट्रॅव्हल कंपनीच्या 'सात दिवसांत अकरा देश'सारखा वाटतो. :)

खरं सांगू का, तिकीट रद्द होत असेल तर करा आणि सॅन्तोरिनी गाठा. थेसालोनिकी म्हणजे सिमेंटच्या इमारती, ट्रॅफिक, आणि समुद्र असून त्यात उतरता येत नाही. आम्ही एक रात्र होतो, पांढरा मनोरा बघितला, संपलं गाव.

चपला_झिजवणारा

तिरकसराव, एका रात्रीत पुणंही शनिवारवाड्यात संपतं.

सांगलीकरीणताई, मी त्या विद्यापीठात दीड वर्ष काढलंय, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. तिकीट अजिबात रद्द करू नका, आराखडा मात्र रद्द करा. मेतेओरा सुंदर आहे, पण जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत आणि वर मठांच्या पायऱ्या. आईंच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. ऑलिंपस (२,९१८ मीटर) चढायचा नसेल तर जायची गरजच नाही, हवा स्वच्छ असली की तो शहराच्या किनाऱ्यावरूनच खाडीपलीकडे दिसतो. कॉफी पीत पीत देवांचं घर बघायचं. हाल्कीदिकी ऑक्टोबरअखेर झोपलेलं असतं.

दोन दिवस शहर, एक दिवस व्हेर्गिना, अर्धा दिवस राखीव. यापेक्षा जास्त कोंबू नका.

आणि एक फार महत्त्वाचं. तुमच्या तारखा बघितल्यात का? २६ ऑक्टोबर म्हणजे गावाच्या रक्षणकर्त्या संताचा, आयिओस दिमित्रिओसचा दिवस. १९१२मध्ये ऑटोमन सत्ता संपून शहर ग्रीसकडे आलं तेही याच दिवशी. त्यामुळे शहराला सुट्टी, दुकानं-बाजार बंद. आणि २८ म्हणजे राष्ट्रीय सण, त्या दिवसाचं मोठं लष्करी संचलन थेसालोनिकीतच किनाऱ्याच्या रस्त्यावर होतं. सकाळी रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले. अडीचच्या विमानासाठी हॉटेलमधून वेळेच्या बऱ्याच आधी निघा. हॉटेल आजच बुक करा, त्या आठवड्यात खोल्या पटापट जातात.

सांगलीकरीण

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. हॉटेल बघायला घेते. कुठल्या भागात बघू? आणि व्हेर्गिनात काय आहे?

तारीखवार

व्हेर्गिनात तुमच्या बाबांचा सिकंदर आहे. म्हणजे त्याचा बाप.

व्हेर्गिना म्हणजे प्राचीन आयगाय, मॅसेडोनियाची जुनी राजधानी. १९७७मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस या पुरातत्त्वज्ञाला तिथल्या मोठ्या टेकाडाखाली न लुटलेली राजकबर सापडली. सोन्याची पेटी, झाकणावर सोळा किरणांचा सूर्य, आत जळलेली हाडं. ती सिकंदराच्या वडिलांची, दुसऱ्या फिलिपची, असं आंद्रोनिकोसचं म्हणणं. कुठली कबर नक्की कोणाची यावर विद्वान अजून भांडतात, बाबांना त्यात मजा येईल. संग्रहालय त्या टेकाडाच्या पोटातच आहे, आत अंधार, फक्त कबरींवर आणि वस्तूंवर दिवे. जवळच ते नाट्यगृह, जिथे इ.स.पू. ३३६मध्ये मुलीच्या लग्नसोहळ्यात फिलिपचा खून झाला. त्याचा राजवाडाही बरीच वर्षं दुरुस्तीत होता, तो जानेवारी २०२४मध्ये उघडलाय.

शहराच्या नावाची कथाही बाबांना सांगा. थेसालोनिके ही फिलिपची मुलगी, सिकंदराची सावत्र बहीण. थेसालीतल्या विजयावरून, 'निकी' म्हणजे विजय, तिचं हे नाव. सिकंदर गेल्यावर सरदार कसांडरने तिच्याशी लग्न केलं आणि इ.स.पू. ३१५मध्ये खाडीकाठी गाव वसवून तिचं नाव दिलं. ऐकायला गोड वाटतं, पण याच कसांडरने आधी तिला वाढवणाऱ्या सावत्र आईचा, म्हणजे सिकंदराच्या आईचा, काटा काढला होता. पुढे सिकंदराची बायको आणि मुलगाही त्यानेच संपवले. आणि थेसालोनिकेला शेवटी मारलं तिच्या पोटच्या पोराने. पाटलिपुत्रात चंद्रगुप्त राज्य करत होता तेव्हाची ही गोष्ट.

वसईवाला

गंमत म्हणजे आमच्याकडे हे गाव लहानपणापासून माहीत. चर्चमध्ये बायबलचं वाचन असायचं, 'पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र'. मला बरीच वर्षं वाटायचं, थेस्सलनीकाकर म्हणजे कोल्हापूरकर-मालवणकरांसारखं आडनाव असावं. गाव अजून जागेवर आहे आणि तिथे विमान उतरतं, हे नोकरीला लागल्यावर कळलं.

भाकरतुकडा

वसईवाला =)) 'थेस्सलनीकाकर' जबरी!

आता जेवणाचं मी सांगते. आईंची अजिबात काळजी करू नका. ग्रीक लोकांचे उपास आपल्यापेक्षा कडक. कर्मठ माणूस वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस मांस, दूध, अंडं सोडतो, बुधवार-शुक्रवार तर असतातच. त्यामुळे प्रत्येक खानावळीत 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचे पदार्थ असतात. पण थांबा, इथे एक खड्डा आहे: त्यांच्या उपासाला कोळंबी, माकुल, शिंपले चालतात! म्हणून नुसतं निस्तीसिमो म्हणू नका. 'होर्तोफागोस' म्हणजे शाकाहारी, हा शब्द पाठ करा आणि पुढे 'ओही क्रेआस, ओही प्सारी' जोडा. मांस नाही, मासे नाहीत.

काय मागवायचं? 'लादेरा' या नावाखाली येणाऱ्या सगळ्या ऑलिव्ह तेलातल्या भाज्या. गिगान्देस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे, आपल्या पावट्याच्या उसळीचे थोरले भाऊ. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा. ब्रियाम म्हणजे बटाटा-वांगं-झुकिनी ओव्हनमध्ये. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. आई म्हणतील फोडणी विसरले, पण खातील.

गेमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, घेताना विचाराच, कारण कधी भातात खिमा असतो. बिनखिम्याच्या गेमिस्ताला ते 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे अनाथ! तसंच द्राक्षाच्या पानांच्या बिनमांसाच्या गुंडाळ्या 'यालांजी', तुर्कीत खोटारडा. मांस नसलेलं जेवण म्हणजे एकतर पोरकं नाहीतर लबाड. आमच्या सासूबाई हे ऐकून दोन मिनिटं गप्प होत्या.

नाश्ता: रस्त्यावर मिळणारं तिळाचं कडं, कुलुरी. या गावाचंच म्हणून ओळखलं जातं. आणि बुगात्सा. हाताने ताणून ताणून पातळ केलेल्या पापुद्र्यात खिरीसारखं सारण, सुरीने खटाखट तुकडे, वर पिठीसाखर-दालचिनी. गोड सारणात कधीकधी अंडं असतं, आईंसाठी विचारून घ्या. पालकाची किंवा चीजचीही मिळते.

तिरकस

बुगात्सा बरी होती, हे मान्य.

गुडघेदुखी

वय वर्षे ६८, दोन्ही गुडघे बदललेले, मे महिन्यात जाऊन आलो. तेव्हा अनुभवाचे बोल.

गावाचा सखल भाग किनाऱ्यालगत सपाट आहे, तिथे काही त्रास नाही. पांढऱ्या मनोऱ्यापासून पुढे साडेतीनेक किलोमीटरचा नवा किनारारस्ता, गाड्या नाहीत, बाकं आहेत, त्या उंच लोखंडी छत्र्यांचं शिल्पही तिथेच. वहिनींना तिथे सोडा, त्या खूश. मनोऱ्यात मात्र वर्तुळाकार जिना आहे. मी दुसऱ्या मजल्यावर 'इतिहास समजला' असं जाहीर करून खाली आलो.

वरचं जुनं गाव, आनो पोली, चुकवू नका, पण चढत जाऊ नका. टॅक्सीने थेट वर तटबंदीपाशी जायचं, संध्याकाळची खाडी बघायची आणि गल्लीगल्लीतून हळूहळू उतरायचं. उतारही गुडघ्याला लागतो, काठी ठेवा. १९१७च्या आगीतून हा भाग वाचला, म्हणून पुढे आलेल्या सज्ज्यांची जुनी घरं उरली आहेत. तिथला सात बुरुजांचा किल्ला १९८९पर्यंत तुरुंग होता, कोठड्या बघता येतात.

लाडाडिका भागात हॉटेल घेऊ नका. जुन्या तेलव्यापाऱ्यांची पेठ आहे, आता रात्री दोनपर्यंत संगीत. जेवायला जा, झोपायला नको. आरिस्तोतेलूस चौक ते आयिया सोफिया चर्च या पट्ट्यात घ्या. लिफ्ट आहे का आणि ती चालते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. बिलाव्यतिरिक्त दर खोलीमागे रोजचा सरकारी करही हॉटेलात भरावा लागतो.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: ग्रीसमध्ये टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात. जुने अरुंद पाइप आहेत. आपण लोक पाणी वापरतो म्हणून सुटलो.

नवखा_प्रवासी

धाग्यात घुसखोरी करतोय, माफ करा. पुण्याहून थेट जायचं तर व्हिसा ग्रीसचाच लागतो का? आणि सांगलीकरीणताईंच्या आई-बाबांना वेगळा काढावा लागेल का?

चपला_झिजवणारा

त्यांच्या आई-बाबांकडे जर्मनीचा शेंगेन व्हिसा असणार, तो ग्रीसला चालतो. मुक्कामाच्या तारखा व्हिसात बसतात ना आणि विम्यात फक्त जर्मनी नाही तर सगळा शेंगेन धरलाय ना, एवढं बघा. पासपोर्ट जवळ ठेवा.

तुम्ही पुण्याहून फक्त ग्रीसला जात असाल तर ग्रीसचा. दोन-तीन देश असतील तर ज्या देशात जास्त रात्री, त्याचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण इतकं ताणू नका. मोठ्यांचं शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३० हजार युरोंचा.

अथेन्स करून पुढे येणार असाल तर अंतर साधारण ५०० किलोमीटर आहे, बसला सहा तास धरा.

तारीखवार

चपलाभाऊ, तुम्ही विद्यापीठात होतात ना? मग त्या जमिनीबद्दल सांगा की. मी सांगितलं तर म्हणाल पुस्तकी.

चपला_झिजवणारा

सांगतो. सहलीच्या धाग्यात लिहावं की नको, असा विचार करत होतो.

१४९२मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा ऑटोमन सुलतानाने त्यांना थारा दिला आणि त्यातले हजारो या बंदरात आले. पुढची चारशे वर्षं इथल्या बाजाराची भाषा लादिनो, म्हणजे ज्यूंची जुनी स्पॅनिश. बंदरातले हमाल ज्यू, म्हणून शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बंदर बंद. 'बाल्कनचं जेरुसलेम' म्हणायचे. मशिदी होत्या, चर्च होती, तुर्की, ग्रीक, बल्गेरियन सगळं कानावर पडायचं. आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क इथलाच, १८८१चा. त्याचं घर तुर्की वकिलातीच्या आवारात आहे, बघता येतं. कवी नाझिम हिकमतही इथेच जन्मला.

मग एकेक पदर उलगडत गेला. १९१७ला आग लागली, ७० हजारांवर लोक बेघर. आज दिसणारा आरिस्तोतेलूस चौक आणि सरळ रस्ते हा नंतर फ्रेंच वास्तुकार एर्नेस्त एब्रारने आखलेला नकाशा. १९२३मध्ये करार झाला आणि मुसलमान तुर्कस्तानात, तिकडचे ग्रीक इकडे. धर्म बघून माणसांची अदलाबदल. बुगात्साचे ते पापुद्रे याच निर्वासितांनी आणले म्हणतात. मग १९४३. मार्च ते ऑगस्ट, नाझींनी गाड्या भरभरून ४५ हजारांहून जास्त ज्यू माणसं ऑश्वित्झच्या मृत्युछावणीत नेली. परत आली ती मूठभर.

त्याच्या थोडं आधी, डिसेंबर १९४२मध्ये, शहराचं ज्यू कबरस्तान उखडलं. लाखांनी कबरी होत्या. दगड बांधकामाला गेले, गावभर. जमीन पुढे विद्यापीठाला. मी रोज डबा खायचो ते बाक त्या जमिनीवर होतं आणि पहिले चार महिने मला पत्ता नव्हता. आता आवारात स्मारक आहे.

म्हणून 'सिमेंटचं गाव' म्हटलं की मी चिडतो. सिमेंट आहेच, पण त्याच्याखाली काय आहे ते विचारा. आयिऊ मिना रस्त्यावरचं ज्यू संग्रहालय छोटं आहे, तासाभरात होतं. लेकीला नेताना आधी थोडं बोलून घ्या.

तिरकस

एलेफ्थेरियास चौकात आमची बस थांबली होती. पार्किंग होतं तिथे. त्याचा काही संबंध?

चपला_झिजवणारा

हो. ११ जुलै १९४२, शनिवार. नाझींनी ९,००० ज्यू पुरुषांना तिथे भर उन्हात उभं केलं, कवायती करायला लावल्या, मारलं. एलेफ्थेरिया म्हणजे स्वातंत्र्य.

तिरकस

...कठीण आहे. आम्ही तिथे सेल्फी काढला होता.

सांगलीकरीण

चपलाभाऊ, लिहिलंत ते बरं झालं. काल बाबांना वाचून दाखवलं. सिकंदर थोडा मागे पडलाय. आता विचारतायत की रोमन काळाचं काही उरलंय का.

तारीखवार

भरपूर! आणि मुख्य म्हणजे रस्त्यात. गालेरिअस सम्राटाची कमान, गावात नुसतं 'कामारा' म्हणतात, पोरं-पोरी भेटायला तिथेच थांबतात. आपल्याकडे 'अलका'पाशी भेटू म्हणावं तसं, फक्त १,७०० वर्षं जुनं. इराणच्या सासानी राजाला हरवलं त्याची चित्रं कोरलीयत, हत्तीसुद्धा आहेत, लेकीला शोधायला लावा.

तिथून दोन मिनिटांवर रोटुंडा. गोल इमारत, भिंती सहा मीटरहून जाड. रोमनांनी बांधली, मग चर्च, मग मशीद, मग पुन्हा चर्च आणि संग्रहालय. मिनार अजून उभा आहे, शहरात उरलेला तेवढाच. आत मान वर करून घुमटातली सोनेरी मोझाइक बघायची. आईंसाठी चांगलं, पायऱ्या नाहीत, बसायचं आणि वर बघायचं. १९८८पासून इथली १५ स्मारकं युनेस्कोच्या यादीत आहेत, पण सगळी करायच्या भानगडीत पडू नका. चौथ्या चर्चनंतर घरात बंड होतं, स्वानुभव.

आणि मेट्रोत बसाच. २००६ला खोदायला सुरुवात, ३० नोव्हेंबर २०२४ला पहिली गाडी. जिथे कुदळ मारावी तिथे काहीतरी निघायचं. व्हेनिझेलू स्टेशनात तर रोमन-बायझंटाइन काळाचा फरसबंदी हमरस्ता आणि चौक निघाला. हलवायचा की जागेवर ठेवायचा यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या. आता स्टेशनातच मांडलाय. तिकीट काढून खाली उतरा, गाडी सोडा, दगड बघा.

भाकरतुकडा

पुणेकरांनी आता मेट्रो उशिरा झाली म्हणून बोलू नये.

अजून एक भाषेची गंमत सांगते, नाहीतर घोळ होईल. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो! आणि 'ओही' म्हणजे नाही. वेटरने "अजून भाकरी?" विचारलं आणि तुम्ही 'न... नको' म्हणालात की दुसरी टोपली हजर. नकार देताना ते मान वर उचलून च्च करतात, ते मात्र आपल्यासारखंच.

तो २८ ऑक्टोबरचा सण आहे ना, त्याचं नावच 'ओही दिवस'. १९४०मध्ये मुसोलिनीने सैन्य घुसू द्या म्हणून धमकी दिली आणि ग्रीसने नाही म्हटलं, त्याचा सण.

गुडघेदुखी

२८ला सरकारी संग्रहालयं फुकट असतात. पण तुमचं विमान दुपारी. लोभ नको.

वसईवाला

एक विचारायचं होतं. आमच्या एका नातेवाइकाच्या घरी पहिल्या महायुद्धातली पदकं आहेत, 'सलोनिका' हा शब्द तिथे ऐकला होता. भारतीय शिपाई इथे होते का?

तारीखवार

होते. १९१५पासून इंग्रज-फ्रेंचांची मोठी छावणी या शहराभोवती होती, सलोनिका आघाडी म्हणतात ती हीच. भारतीय मुख्यतः खेचरांच्या वाहतुकीवर. डोंगरात रसद पोहोचवायची तर दुसरा उपाय नव्हता. गोळीपेक्षा मलेरियाने जास्त माणसं आजारी पडली. शहराच्या वायव्येला 'मोनास्तिर रोड इंडियन सिमेटरी' आहे. दफन झालेल्यांच्या कबरी आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारक. प्रवासाच्या पुस्तकात सहसा नसते. बस वगैरेच्या नादी लागू नका, टॅक्सी करा आणि तिला थांबायला सांगा.

सांगलीकरीण

बाबांनी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. यादीत पहिल्या क्रमांकावर गेलंय. धन्यवाद सगळ्यांना, आल्यावर लिहिते.

सांगलीकरीण

आलो मंडळी! तुकड्या-तुकड्यात लिहिते.

हॉटेल: नाव घेत नाही. लिफ्ट आहे का विचारलं, हो म्हणाले. चालते का हे विचारायचं राहिलं. गुडघेदुखीकाका, तुमचं वाक्य नवऱ्याने तिसऱ्या मजल्यावर बॅगा नेताना मोठ्याने म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावर खोल्या बदलून दिल्या.

२५ला कामारा, रोटुंडा, दुपारी कापानी बाजार. ऑलिव्हचे पिंप, मसाल्यांची पोती, आई एकदम घरी आल्यासारखी. मेथीदाणे ओळखून दुकानदाराशी मराठीत बोलली, तो ग्रीकमध्ये बोलला, दोघांना कळलं. हत्ती लेकीला सापडले. संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो, पण ऑलिंपस ढगात. समुद्रात उतरता येत नाही यावर लेक रुसली, मग जलपरीची गोष्ट सांगून समजूत काढली: थेसालोनिके जलपरी झाली आणि खलाशांना विचारते, "सिकंदर राजा जिवंत आहे का?" 'जिवंत आहे, राज्य करतोय' म्हटलं की समुद्र शांत, नाहीतर जहाज बुडालं. तीन दिवस प्रत्येक लाटेला ओरडून उत्तर दिलं तिने.

२६ला खरंच सगळं बंद. आयिओस दिमित्रिओसच्या देवळात (चर्चच, पण आई देऊळच म्हणत होती) ही गर्दी! मेणबत्त्या, रांगा, म्हाताऱ्या बायका चुंबन घेऊन पुढे सरकतायत. आई म्हणाली, पंढरपुरापेक्षा शिस्त कमी आहे. दुपारी टॅक्सीने आनो पोली, तिथून खाली उतरायला दोन तास, तीन कॉफ्या.

२७ला भाड्याच्या गाडीने व्हेर्गिना, सव्वा तास लागला. काळोखातल्या त्या कबरींपुढे बाबा एक शब्द बोलले नाहीत, मग बाहेर येऊन पाऊण तास बोलले. तिथल्या खानावळीत आईने 'ओर्फाना' मागितलं तर मालकीणबाई पोट धरून हसल्या आणि वर रव्याचा हलवा फुकट दिला. दालचिनी-बदाम घातलेला, ऑलिव्ह तेलातला शिरा. आईचा निकाल: "तूप हवं होतं, पण हात चांगला आहे."

ज्यू संग्रहालयात मी आणि नवरा आळीपाळीने गेलो. लेकीला नेलं नाही, धीर झाला नाही.

आता कबरस्तान. व्हेर्गिनाहून परतताना थांबलो. आसपास गोदामं, मोठा रस्ता, आणि मध्येच कापलेलं हिरवं गवत. आम्हा पाच जणांशिवाय कोणी नव्हतं. बाबा एकेक नाव मोठ्याने वाचत होते, वर्गात हजेरी घेतात तसं. सूर्य खाली गेला, गाडी परत द्यायची वेळ झाली, म्हणून मी घाई केली. आपल्याकडचं कोणी सापडलं का विचारलं, तर म्हणाले, "सगळी कुठे वाचून झाली."

२८ला लवकर निघालो, तरी टॅक्सीने संचलनापायी लांबचा वळसा घातला. विमान मिळालं.

तिरकस

मस्त लिहिलंत. पुढच्या वर्षी जातोय, दोन रात्री. तीन करतो.

तारीखवार

बाबांना सांगा, राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या कबरस्तानाची पूर्ण यादी आहे. नाव, पलटण, तारीख, आणि बऱ्याच भारतीयांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव-जिल्हाही असतो. घरबसल्या वाचता येईल.

सांगलीकरीण

सांगितलं. तासाभरापासून लॅपटॉपसमोर आहेत, वहीत काहीतरी उतरवून घेतायत. आईने चहा तिसऱ्यांदा गरम केलाय.